श्वान-प्रवेश नियमावली, मुदखेडपुरती

मुंबई-पुण्याच्या काही मॉलच्या दारावर हल्ली कुत्र्याच्या पंजाचं चित्र असतं. साखळी धरा, लस टोचल्याचा कागद जवळ ठेवा आणि खुशाल आत या, असा त्याचा अर्थ. मुदखेडच्या बाजारात असं चित्र लावण्यात एकच अडचण आहे. दुकानदार शटर वर करून चित्राला गोंद लावेपर्यंत कुत्रा काउंटरखाली जाऊन बसलेला असतो.

तरी काळाच्या मागं राहून भागत नाही. कुत्र्यानं कुठं असावं नि कुठं नसावं, यावर सर्वोच्च न्यायालयाला 2025 या एका वर्षात तीन मोठे आदेश द्यावे लागले. नांदेड, निजामाबाद आणि आदिलाबाद अशा तीन दिशांचे रूळ जिथं एकत्र येतात, त्या जंक्शनच्या गावानं अशा वेळी आपलं धोरण ठरवलेलं बरं. पुढची नियमावली मुदखेडच्या व्यापाऱ्यांना नजरेसमोर ठेवून केलेली आहे. उमरी, भोकर, धर्माबादकरांनी ती योग्य त्या फेरफारासह वापरायला हरकत नाही.

सुरुवात अर्जदाराची ओळख पटवण्यापासून करावी. साखळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असेल तर कुत्रा पाळीव समजावा. कोण कोणाला ओढतंय याची नोंद घेण्याचं कारण नाही. साखळीच नसेल तर कान बघावा. कानाच्या कडेला व्ही आकाराची खाच असेल, तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि रेबीजची लसही त्याच वेळी टोचलेली आहे, असा तिचा अर्थ. केंद्र सरकारनं मार्च 2023 मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियम काढले, त्यांत ही पद्धत आहे. खाच म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याचं आधार कार्ड. फरक इतकाच की ते हरवत नाही आणि त्याची झेरॉक्स मागता येत नाही. दुकानदारानं सकाळी पाणी मारून झाल्यावर गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांचे कान बघावेत, किती खाचा दिसल्या ते हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहावं आणि तो आकडा नगर परिषदेला कळवावा. आकडा फार लहान निघाला तर पान फाडू नये.

यानंतर दुकानाचा प्रकार.

खाण्यापिण्याच्या धंद्याबाबत कायदा स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा परवान्याच्या 2011 च्या विनियमांना जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या अटी आहेत, आणि खाद्यपदार्थांच्या जागेत प्राणी, पक्षी वा पाळीव जनावर येऊ देऊ नये अशी एक अट त्यांत आहे. किराणा, बेकरी, मिठाई, हॉटेल सगळे त्यात आले. आता मराठवाड्यात हॉटेल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आत चार टेबलं, दारात भट्टी नि कढई, आणि बाहेर नालीच्या कडेला टाकलेलं बाकडं. अनुसूचीला आतली चार टेबलं माहीत आहेत. बाकडं ही जागा हॉटेलची, नगर परिषदेची की नालीची, यावर ती काही बोलत नाही, आणि कुत्रा नेमका त्याच बाकड्याखाली असतो. तिथं त्याला एकाच वेळी दोन आदेश मिळतात. कढईपाशी उभा असलेला मालक झारा उगारून "हाड्!" म्हणतो आणि बाकड्यावर बसलेलं गिऱ्हाईक अर्धं भजं खाली टाकून "यू यू यू" करतं. मालकानं जास्तच आवाज केला तर गिऱ्हाईक वर म्हणतं, "बसू द्या की हो, तुमचं काय खायलंय?" खातंय ते खरं तर गिऱ्हाईकाचंच. कुत्रा कायदा मोडत नाही. भजं टाकणाऱ्याचं ऐकतो, कारण दोन आदेशांपैकी खाता येण्याजोगा तोच असतो. म्हणून हॉटेलवाल्यानं "कुत्र्यांना मनाई" असा बोर्ड लावण्याआधी "भजं टाकण्यास मनाई" असा लावावा. तो कुत्र्यांना वाचता येणार नाही, पण ज्यांच्यासाठी आहे त्यांना येतो.

कापड दुकानात अन्नाचा प्रश्न नाही, गादीचा आहे. पांढरी चादर घातलेली बैठक, चपला खाली काढायच्या, मांडी घालायची आणि तासभर साड्या उलगडायला लावायच्या. साखळीतला, लस टोचलेला, शांत स्वभावाचा कुत्रा अशा दुकानात यायला खरं तर काही हरकत नाही. त्यानं पायातलं काय काढायचं, एवढं मात्र मालकानं आधी ठरवून यावं. हार्डवेअर, खत-बियाणं, मोबाइल रिपेअरिंग इथंही असा कुत्रा चालेल. मटन मार्केटला ही नियमावली लागू नाही. तिथली नियमावली कुत्र्यांनी स्वतः केलेली आहे.

एटीएमचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा चाळीस ओलांडतो, तेव्हा एसी चालू असलेल्या एटीएमच्या खोलीचं दार कुणीतरी अर्धवट लोटून जातं, आणि दुपारच्या वेळी यंत्राखाली एक देह अंग टाकून झोपलेला आढळतो. भिंतीवर "एका वेळी एकच व्यक्ती" असं लिहिलेलं असतं. कुत्रा व्यक्ती नाही, त्यामुळे गिऱ्हाईकानं आत जाण्यास कायद्याची आडकाठी नाही. शेपटी ओलांडताना पिन नंबर मात्र पुटपुटू नये.

आता त्या बाटल्यांविषयी. दुकानाच्या ओट्यावर, घराच्या उंबऱ्याशी, उभ्या मोटारसायकलीच्या चाकापाशी लाल किंवा निळ्या पाण्याची बाटली ठेवली की कुत्रं तिथं पाय वर करत नाही, अशी श्रद्धा गावोगाव आहे. लाल पाणी कुंकवाचं, निळं पाणी नीळ टाकलेलं. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल मात्र मळकट करडा-तपकिरी दिसतो. म्हणजे कुंकू वाया घालवू नये, श्रद्धाच असेल तर निळीवर ठेवावी. निळी बाटलीही त्याला दिसते एवढंच. तिला भिण्याचं कारण अजून कुणी दाखवलेलं नाही. उलट काही ओट्यांवर बाटलीच्या बुडाशी वाळलेला ओघळ दिसतो, तो बाटलीतून गळालेला नसतो.

इथवर खासगी जागा झाल्या. सार्वजनिक जागांत प्रकरण खरं रंगतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2025 च्या आदेशानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून कोंडवाड्यात न्यायला सांगितलं. देशभर ओरड झाली आणि 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला. नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवून घ्या, असं ठरलं. कुत्र्यांना खाऊ घालायला वॉर्डावॉर्डात ठरावीक जागा करा, रस्त्यात कुठंही घालू नका, हेही सांगितलं आणि विषय साऱ्या देशाला लागू केला. न्यायालयात बाजू मांडायला आलेल्या श्वानप्रेमींना प्रत्येकी 25 हजार रुपये आणि संस्थांना 2 लाख रुपये भरायला लावले, ते कुत्र्यांच्याच सोयींसाठी. मग 7 नोव्हेंबरला तिसरा आदेश आला. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री काढा, नसबंदीनंतरही त्यांना परत तिथं सोडू नका, आवाराला कुंपण घाला, आणि आवाराची जबाबदारी एका नोडल अधिकाऱ्यावर देऊन त्याचं नाव दारावर लावा.

ऑगस्ट आणि नोव्हेंबर एकत्र वाचले की कुत्र्याला भूगोल शिकवणं भाग पडतं. बसस्थानकाच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या सावलीत झोपलेलं कुत्रं पकडलं, तर नसबंदी होऊन ते त्याच सावलीत परत येणार. तेच कुत्रं दहा पावलं आत सरकून फलाटावर झोपलं असेल, तर त्याला परतीचं तिकीट नाही. तेव्हा मुदखेडच्या कुत्र्यांनी झोपण्यापूर्वी फाटक नीट पाहून घ्यावं. स्टेशनातल्यांनी तर विशेष काळजी घ्यावी, कारण तिथं फलाट कुठं संपतो आणि माळ कुठं सुरू होतो, हे बाहेरगावच्या प्रवाशालाही पटकन सांगता येत नाही.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर शाळेच्या आणि दवाखान्याच्या बाबतीत तिसरा आदेश चुकीचा म्हणता येत नाही. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये देशात सुमारे 37 लाख लोकांना कुत्री चावली, आणि चावे खाणाऱ्यांत लहान पोरं पुष्कळ असतात. पण बसस्थानकाला भिंत घातली तरी एसटीला आत यायला फाटक उघडंच ठेवावं लागतं. कुत्री तिथं येतात ती उरलेल्या भेळीसाठी, बिस्किटांच्या पुड्यांसाठी आणि न उचललेल्या कचऱ्यासाठी. तो तसाच राहिला तर एका कुत्र्याच्या रिकाम्या जागी पलीकडच्या गल्लीतलं, बिनखाचेचं, बिनलशीचं दुसरं येऊन बसतं. कचऱ्याची गाडी रोज वेळेवर आली, तर भिंतीचे निम्मे पैसे वाचतील.

ज्यांना कुत्र्यासह गाव सोडायचं आहे, त्यांच्यासाठी रेल्वेचे नियम आहेत. मालकानं प्रथम वर्गातला अख्खा कूपे आपल्या नावावर घेतला तर कुत्रा सोबत बसू शकतो. नाहीतर शेवटच्या डब्यात, पूर्वीचे गार्ड आणि 2022 पासूनचे ट्रेन मॅनेजर जिथं असतात, तिथल्या खास पेटीत त्याला सामानाच्या दरानं जावं लागतं, चारा-पाणी मालकाचं. स्लीपर, थ्री टियर, टू टियर यांत मनाई. चोरून नेला आणि तिकीट तपासनिसाला सापडला, तर सामानाच्या दराच्या सहापट पैसे. बिनतिकीट, बिनमालकाचा कुत्रा मात्र आदिलाबादकडच्या गाडीत चढून, एखाद्या फलाटावर उतरून, नव्या गल्लीत नाव काढतो, त्याला दंड करायला पावती कुणाच्या नावानं फाडणार?

देवाच्या दारात मात्र कुत्र्याच्या प्रवेशाचा प्रश्न कधीच निकाली निघालेला आहे, आणि तोही याच नांदेड जिल्ह्यात. माहूरचं दत्तशिखर ज्याचं, त्या दत्तात्रेयाच्या चित्रात पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नये म्हणून. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर श्वानांचं रीतसर प्रदर्शन भरतं, घोडे नि कोंबड्यांच्या जोडीनं. लातूर भागातल्या उंच, सडपातळ, लांब तोंडाच्या कारवानी नि पश्मी कुत्र्यांना तिथं मान असतो. मालक त्यांच्या अंगावरून ओल्या फडक्यानं हात फिरवतात, दात उघडून दाखवतात, आणि परीक्षक कोट घालून पाठीचा कणा तपासतात. त्याच कुत्र्याला परतीच्या वाटेवर चहाच्या हॉटेलात घेऊन गेलं की "बाहेर बांधा त्याला" असं ऐकावं लागतं, आणि चौथ्या अनुसूचीप्रमाणं ते बरोबरही आहे.

दुकानदारांच्या माहितीसाठी एक जुना दाखलाही नोंदवावा. जून 1832 मध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या शिपायांनी भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला होता. दर कुत्र्यामागं आठ आणे मिळत, म्हणून ते घरातली पाळलेलीही ओढून नेऊ लागले. पारशी चिडले, त्यांच्या सोबतीला हिंदू व्यापारीही आले, बाजार बंद झाले आणि किल्ल्यातल्या गोऱ्यांचं पाव-पाणी अडवलं गेलं. शंभर-दोनशे वर्षांत माणसांची बाजू किती बदलते ते पाहायचं असेल, तर त्याच मुंबईतलं बॉम्बे हाउस बघावं. टाटांच्या या मुख्य कचेरीचं 2018 मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा भटक्या कुत्र्यांसाठी आत वेगळी खोली ठेवण्यात आली. मुदखेडच्या दुकानदारावर इतकं मोठं मन दाखवण्याची सक्ती नाही. रात्री शटर ओढताना शेपूट बाहेर राहिली ना, एवढं पाहिलं तरी पुरे.

चावा बसला तर नियमावली क्षणभर मिटून ठेवावी. चुना, हळद, मिरची, तेल यांतलं काहीही जखमेवर लावू नये. साबण आणि नळाचं वाहतं पाणी घेऊन जखम 15 मिनिटं धुवावी आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. लशीचे सगळे डोस घ्यावेत, दुसऱ्यानंतर "आता बरं वाटायलंय" म्हणून थांबू नये, कारण रेबीज एकदा डोक्यात चढला की औषध चालत नाही. कुत्रा पाळीव असेल आणि मालकानं हलगर्जी केली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणं त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. चावण्याच्या आदल्या दिवसापर्यंत "आमचा टायगर" असलेला कुत्रा पंचनाम्याच्या वेळी "कुणाचं की बाई, इथंच फिरत असतं" होतो. असा अनुभव आला तर पट्ट्याचा रंग लगेच लिहून ठेवावा.

या नियमावलीबद्दलच्या हरकती आणि सूचना लेखी द्याव्यात. पत्ता म्हणून बसस्थानकाच्या दारावर लावलेल्या नोडल अधिकाऱ्याच्या नावाचा वापर करावा. तसा बोर्ड नजरेस पडला नाही तर चौकशीच्या खिडकीत विचारावं. खिडकीखाली झोपलेल्याला उठवू नये. तो चौकशीसाठी आलेला नाही.