साउथ ब्लॉकची माया

2023च्या ऑगस्टमध्ये बातमी आली, की दिल्लीत साउथ ब्लॉकमधल्या संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवरून विंडोज जाणार आणि उबुंटू लिनक्सवर बेतलेली देशी ‘माया’ प्रणाली येणार. दिसायला मात्र ती विंडोजसारखीच, कर्मचारी बिचकू नयेत म्हणून! सून नवी हवी, पण चेहरा जुनीचाच. केंद्राच्याच सीडॅक संस्थेची ‘बॉस’ लिनक्स 2007 पासून आहे, 2015 मध्ये केंद्राने मुक्त स्रोताचे धोरणही काढले. बॉस येऊनही बाबूंचा बॉस बदलला नव्हता, इतकेच.

साउथ ब्लॉकपासून दहा-बारा किलोमीटरवर नेहरू प्लेस, संगणकांचा बाजार. लिनक्स फुकट मिळते म्हणालात, तर तिथले गिऱ्हाईक निरागसपणे विचारेल, “मग विंडोज काय विकत मिळते?” चोरीच्या मालाशी फुकटाने स्पर्धा करायची कशी?

खरे तर ज्याचे जग ब्राउझर, यूट्यूब आणि विजेच्या बिलापुरते आहे, त्याला लिनक्स पुरून उरते. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पोट असलेल्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. आणि हो, प्रिंटर त्यावर चालतो का, ते आधी तपासा.