रात्री दहानंतरचा डीजे

विदर्भातील तालुक्यांच्या गावांत गेल्या दोन-तीन दशकांत जे नवे सामाजिक प्रकार उदयास आले, त्यांत निवृत्त डीजे हा सर्वांत अलीकडचा असून त्याची शास्त्रशुद्ध नोंद अद्याप झालेली नाही. शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन त्याच्या अंगी कधीही नसलेल्या गुणांचा गौरव करण्यात येतो; डीजे मात्र पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान निवृत्त होतो, त्याचा कोणी सत्कार करीत नाही, आणि तो निवृत्त झाला आहे ही वार्ता गावात सर्वांत शेवटी त्याच्यापर्यंत पोहोचते. वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील आष्टी आणि वर्धा नदीपलीकडचा मोर्शी-वरूडचा संत्रापट्टा या टापूत त्याचे दर्शन सहज घडते. त्याची पहिली खूण संबोधनात सापडते. ज्या दिवशी नवरदेवाचे मित्र त्याला 'भाऊ' न म्हणता 'काका' म्हणतात आणि 'काका, तुमच्या टायमातलं नोका लावू जी' अशी विनंती करतात, तो त्याच्या सेवापुस्तिकेतील शेवटचा दिवस समजण्यास हरकत नाही.

या व्यवसायाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विदर्भात डीजे ही संज्ञा माणसालाही लावतात आणि त्याच्या यंत्रसंचालाही, ज्याला व्यवसायातील लोक नुसते 'सेट' म्हणतात. सेटमध्ये छातीत घुमणारा खालचा आवाज देणारी 'बेस'ची खोकी, वरचा चिरका आवाज देणारे 'टॉप', अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, जनरेटर आणि आभाळात प्रकाशाचे सोटे फिरवणारे 'शार्पी' नावाचे दिवे यांचा समावेश होतो, आणि हे सर्व एका पिकअप गाडीवर रचून वरातीपुढे चालवले जाते. त्याच्या आधीच्या पिढीत अहुजा कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मांडवाच्या बल्लीवर बांधलेला भोंगा घेऊन येणारा लाऊडस्पीकरवाला होता, ज्याच्याकडे दोन डझन कॅसेट असत आणि त्यांतील निम्म्या अडकत. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, आणि दरवेळी जुन्या माणसाने आता आवाजात पूर्वीचा दम राहिला नाही असे सांगितले. टिकली ती फक्त नागिणीची धून. १९५४च्या 'नागिन' चित्रपटात ती बीन म्हणून ऐकू येते. प्रत्यक्षात संगीतकार कल्याणजींनी ती क्लेव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती, म्हणजे तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळणारी वऱ्हाडी मंडळी पहिल्या दिवसापासून यंत्रावरच डोलत आहेत, ही बाब डीजेच्या बाजूने कोणी मांडलेली दिसत नाही.

मात्र डीजेचा खरा अधिकार संगीताचा नव्हताच. वरात कोणत्या वळणावर किती वेळ थांबेल आणि कधी पुढे सरकेल हे तो ठरवीत असे. एका बाजूला मुहूर्त टळत असल्याचे सांगणारे वधूपक्षाचे काका, दुसऱ्या बाजूला 'अजून एकच' म्हणून पिकअपला लटकलेले नवरदेवाचे मित्र, आणि मधोमध आवाजाच्या कळीवर बोट ठेवून उभा असलेला हा पंचवीस वर्षांचा तरुण: एवढी सत्ता त्या वयात तहसीलदारालाही मिळत नाही. २०१६ साली 'सैराट' आल्यानंतर 'झिंगाट' सुरू केले की वधूपक्षाच्या काकांचाही मुहूर्तावरचा विश्वास डळमळीत होत असे. या सत्तेची किंमत अशी की तालुक्याला नाचवणारा हा इसम स्वतः एकाही लग्नात नाचला नाही, आणि पंगतीला तो बसे तेव्हा वरण गार आणि बुंदी संपलेली असे. त्यामुळे निवृत्तीनंतर निमंत्रित म्हणून लग्नाला गेल्यावर हातांचे काय करावे हेच त्याला उमगत नाही. तो वधूवरांना न भेटता सरळ पिकअपमागे जातो, बेसच्या खोक्यावर तळहात टेकवतो, डोळे मिटतो आणि नव्या पोराला सांगतो, 'बेस फाटून राह्यला तुमचा.' नवे पोर मान डोलावते. त्याला ऐकू आलेले नसते.

श्रवणाचा विषय निघालाच आहे तर त्याचे गणितही पाहिले पाहिजे. कानाच्या आरोग्याचा प्रचलित हिशेब असा की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, पुढे दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलपाशी ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. डीजेच्या जवळ आवाज याहूनही वर जातो. तरी त्याच्यावर मेहेरबानी करून १००च धरले, तर तीन तासांच्या एका वरातीत तो बारा दिवसांचा शिधा संपवतो. अशा माराने कान आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर गमावतो, खालचे स्वर मात्र बराच काळ शाबूत राहतात. परिणामी निवृत्त डीजेला दोन गल्ल्यांपलीकडचा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा आहे हे कळते, पण घरातून आलेल्या 'साखर संपली' या वाक्यातील दोन्ही 'स' त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कुटुंबाला हा ढोंगीपणा वाटतो. शास्त्र या बाबतीत पूर्णतः त्याच्या बाजूचे आहे, आणि ते असे एकदाच आहे.

कायद्याशी त्याचे नाते अधिक गुंतागुंतीचे होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरली, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले, आणि जुलै २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही रात्रबंदी उचलून धरली. वर्षातील मोजक्या पंधरा दिवसांपुरती बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि ते पंधरा दिवस कोणते हे तालुक्यात डीजेइतके कोणालाच पाठ नसते. ५५ डेसिबल म्हणजे दोन माणसांचे साधे बोलणे. त्या मर्यादेत वरात काढायची तर नवरदेवाची आत्याच आधी गप्प करावी लागेल. म्हणून दहाला पाच कमी असताना सर्वांत जोरकस गाणे लावणे आणि शिपायाची काठी दिसताच हात जोडणे, अशी एक तडजोडीची परंपरा निर्माण झाली. तोच डीजे आज रात्री साडेनऊलाच पोरांच्या मिरवणुकीपुढे उभा राहून 'आवाज जराक कमी करा ना जी, पोरीची बारावी हाय' असे म्हणतो. हेच कारण त्याने उमेदीच्या काळात असंख्य वेळा ऐकले होते आणि दरवेळी आवाज एक काटा वाढवला होता.

उपजीविकेचा प्रश्न तो तुलनेने सहज सोडवतो. पिकअप संत्र्याच्या वाहतुकीला लागते, जनरेटर भाड्याने जातो, आणि थोडे भांडवल असल्यास बिछायत केंद्र निघते. सतरंज्या, खुर्च्या आणि मोठी भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानास विदर्भात हे नाव आहे. अडचण बेसच्या खोक्यांची होते. दोन १८ इंची स्पीकर मावणारे एकेक खोके चार माणसांना भारी, विकायला काढावे तर नवी पोरे नवी खोकी घेतात, फेकावे तर जीव होत नाही. सबब ती सपरीत राहतात आणि त्यांत आधी पोती व मग कोंबड्या शिरतात. त्याची बायको या संग्रहाला भंगार म्हणते.

प्रतिष्ठेची भूक मात्र बिछायतीने भागत नाही. आष्टीत ती भागवण्याचे दोन मार्ग उपलब्ध आहेत. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथील जनतेने पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि गोळीबारात माणसे हुतात्मा झाली. त्यामुळे गावाच्या नावापुढे 'शहीद' हा शब्द लागतो आणि नागपंचमीला अभिवादनाचा कार्यक्रम होतो. त्या उठावामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती, आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना या भागात आजही चालते. अभिवादनाला माईक लागतो, प्रार्थनेलाही लागतो. निवृत्त डीजे तेथे सेवाभावाने रुजू होतो, पुढाऱ्याचे भाषण लांबले की आवाज कणाकणाने उतरवण्याचे कौशल्य पणाला लावतो, आणि प्रार्थनेच्या वेळी खंजिरीला थोडा बेस द्यावा असा प्रस्ताव वर्षातून एकदा मांडतो. ज्येष्ठ गुरुदेवभक्त तो तितक्याच नियमितपणे फेटाळतात.

वाढत्या वयाचे या कलेशी वैर आहे असे मानण्याचे कारण नाही. टोकियोत घरची खानावळ चालवणाऱ्या सुमिको इवामुरो या बाई सत्तरी ओलांडल्यावर डीजेगिरी शिकल्या आणि २०१८ साली, ८३व्या वर्षी, जगातील सर्वांत वयस्कर व्यावसायिक क्लब डीजे म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंदल्या गेल्या. हा दाखला दिला असता निवृत्त डीजे क्षणभर विचार करून म्हणतो, 'त्या बाईले बेस उचला लागत नसन.' या उत्तराचे खंडन करणे कठीण आहे.

त्याची कीर्ती त्याच्यावाचून फिरत राहते, ही त्याच्या निवृत्तीतील आणखी एक विसंगती होय. रिमिक्समध्ये, म्हणजे मूळ गाण्याला नवा ठेका जोडून केलेल्या आवृत्तीत, कोणी चोरू नये म्हणून कर्ता आरंभी स्वतःचे नाव प्रतिध्वनीसह ओततो. त्याने केलेली अशी गाणी अजूनही ट्रॅक्टरांवर वाजतात. चौकात पानठेल्यापाशी उभ्या असलेल्या काकाच्या कानावरून त्याचेच नाव तीनदा घुमत जाते, आणि ट्रॅक्टर चालवणारा पोरगा त्याला बाजूला सरकायला सांगतो.

अलीकडे त्याला नवे कार्यक्षेत्र लाभले आहे. पीक राखण्यासाठी रात्री शेतात जागे राहण्याला या भागात 'जागल' म्हणतात, आणि रानडुकरे व रोही, म्हणजे नीलगायी, यांनी तूर-हरभऱ्याची जी दशा केली आहे तीमुळे जुना भोंगा, बॅटरी आणि पेनड्राइव्ह घेऊन शेतकरी कुत्र्यांचे भुंकणे व वाघाची डरकाळी रात्रभर वाजवतात. एकच आवाज रोज लावला तर डुकरे सरावतात. येथे अनुभवी माणसाची गरज निर्माण झाली. निवृत्त डीजे भुंकण्यावर फटाके चढवतो, मध्ये नेमकी शांतता सोडतो, आणि श्रोते उठून गेले की कार्यक्रम यशस्वी मानतो. हे काम रात्री दहानंतर चालते; नियमांत ते कितपत बसते, हा प्रश्न अद्याप कोणत्याही रानडुकराने उपस्थित केलेला नाही. आता शेजारच्या शेतांवरून ऑर्डरी येतात, बयाणाही मिळतो, आणि प्रत्येक डरकाळीच्या आधी त्याच्या स्वतःच्या आवाजात, प्रतिध्वनीसह, त्याचे नाव येते. डुकरे डरकाळीपर्यंत थांबतच नाहीत, असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे.