बूस्टरवाल्या शेठना, सप्रेम

प्रिय शेठ,

हे पत्र मी हेदवीच्या सड्यावर, हापूसच्या कलमाला टेकून लिहिले आणि तिथूनच तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवले. एकच टिक आली. दुसरी का आली नाही ते पुढे येईलच. तूर्त परतल्यावरची हकीकत शेवटी जोडून जाहीर छापायला देते आहे.

मीरा रोडच्या शांती नगरातल्या तुमच्या दुकानी आले तेव्हा माझी मागणी साधी होती. भाड्याच्या कारव्हॅनमधून चार दिवस कोकण हिंडायचे आणि गाडीतच बसून गिऱ्हाइकांची जीएसटी विवरणे भरायची. सरकारने 2021 मध्ये कारव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीत झोपायला बाक आहे, चहाला शेगडी आहे. इंटरनेटचे तेवढे ज्याचे त्याने बघायचे. तुम्ही काउंटरखालून एक काळी पेटी काढलीत, फुंकर मारून धूळ उडवलीत आणि म्हणालात, "मॅडम, बूस्टर है. जंगल में भी फुल टॉवर." किंमत 6,500 रुपये. बिल मागितले तर, "पक्का चाहिये तो अठरा परसेंट अलग." दर महिन्याला तुमचेच विवरण भरणाऱ्या बाईला तुम्ही हे सांगत होतात. तुमच्या धैर्याला तिथेच हात जोडायला हवे होते.

आता पेटीचा पराक्रम. वडखळपर्यंत ती दिमाखात हिरवी लुकलुकत होती. मी बंद करून पाहिली, तर फोन तितकाच छान चालत होता. कशेडीचा बोगदा ओलांडला, खेडच्या पुढे रेंज पातळ झाली आणि ज्या घटकेसाठी तिला आणले होते त्याच घटकेला पेटी लाल झाली. होती ती एक दांडीही गेली. आमचा ड्रायव्हर पूर्वी ऑर्केस्ट्रात साउंड सांभाळायचा. तो म्हणाला, "ताई, माइक स्पीकरसमोर धरलाय तुम्ही."

अगदी तसेच झाले होते. बूस्टरची एक अँटेना टपावर, एक आत. बाहेरचीने क्षीण सिग्नल पकडायचा, पेटीने तो वाढवायचा, आतलीने सोडायचा. दोघींमध्ये पुरेसे अंतर नसेल तर आतून सुटलेले बाहेरची पुन्हा पकडते, पेटी पुन्हा वाढवते, आणि मग नुसती किंकाळी उरते. कारव्हॅनमध्ये अंतर कुठून आणणार? आणि दरीत मुळात काहीच पोचत नसेल तर पेटीने वाढवायचे काय? शून्याला कितीनेही गुणले तरी काय येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमची विक्री तुम्ही तशीच दाखवता.

ती किंकाळी टॉवरपर्यंतही जाते आणि आसपासच्यांचे फोन बिघडवते. असे यंत्र विनापरवाना बाळगणे तर 1933 च्या वायरलेस कायद्याने गुन्हा ठरवले. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही परवान्यावाचून सुटका नाही. म्हणजे चार दिवस मी, सरकारी मुदती पाळून पोट भरणारी बाई, बेकायदा रेडिओ यंत्र घेऊन हिंडत होते, आणि हेदवीत तर थेट गणपतीच्या देवळासमोर उभी होते.

20 नोव्हेंबर. तुमचे ऑक्टोबरचे विवरण भरायची शेवटची तारीख. रात्री दहापर्यंत मी पेटीची मनधरणी केली: खिडकीत ठेवली, टपावर ठेवली, एकदा उलटीही ठेवली. सकाळी शेजारच्या घरातल्या वहिनींनी माझी दशा पाहिली. "सड्यावर जा. कलमांपाशी मिळते रेंज." आणि ड्रायव्हरने आपल्या साध्या फोनमधले दुसऱ्या कंपनीचे कार्ड पुढे केले. उंच, उघडी जागा आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे, एवढेच रहस्य होते. ट्रायच्या 2024 च्या नियमांमुळे प्रत्येक कंपनीला आपली सेवा कुठे पोचते त्याचा नकाशा संकेतस्थळावर टाकावा लागतो. तो निघण्यापूर्वी मी पाहायला हवा होता, ही माझी चूक. पण तुमच्या काचेवरच्या 5जीच्या झगमगीत स्टिकरांना भुलले. त्या 5जीची बरीचशी मदार 3300 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर. मीरा रोडच्या दाट वस्तीत त्या शोभून दिसतात. लांबवर, झाडाझुडपांतून, डोंगराच्या कडेकडेने पोचतात त्या 700 ते 900च्या.

तर सड्यावर चार दांड्या मिळाल्या. विवरण चढवले. ओटीपी तुमच्या मोबाइलवर जाणार, दहा मिनिटे टिकणार. तुम्ही फोनवर सहा आकडे सांगायचे, बस्स. मी फोन लावला. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे." पुन्हा लावला. सात वेळा.

संपर्क क्षेत्राबाहेर मी नव्हते, शेठ. तुम्ही होतात. शांती नगरात, भर बाजारात, स्वतःच्या गल्ल्यावर, माळ्यावर लावलेल्या तशाच दुसऱ्या पेटीखाली! वरच्या मजल्यावरच्या काकू वर्षभर सांगताहेत की घरात फोन लागत नाही, गच्चीत जावे लागते. त्यांचा संशय कबुतरांवर आहे. मी अजून काही बोललेले नाही.

विवरण 22 तारखेला, मी परतल्यावर, तुमच्या दुकानात उभे राहून भरले. तेही तुम्ही फोन घेऊन फुटपाथवर गेल्यावर. दोन दिवसांचे विलंब शुल्क 100 रुपये. ते पुढच्या महिन्याच्या विवरणात आपोआप येऊन बसेल. त्याला रेंज लागत नाही.

पेटी परत आणली आहे. पैसे द्याल तेव्हा पावती मी देईन, पक्की.

आपली,
शांती नगरातली जीएसटीवाली मॅडम