तंत्रस्नेही गुरुजी

तंत्रस्नेही गुरुजी मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत आढळतात. शहरातल्या खासगी शाळांतही स्मार्ट बोर्ड असतात, पण तिथे बोर्ड बिघडला की कंपनीचा माणूस येतो. गुरुजींच्या अंगच्या गुणांना वावच मिळत नाही. अस्सल नमुना पाहायचा तर दोन शिक्षक, चार वर्ग आणि व्हरांड्याच्या एकाच कोपऱ्यात रेंज, अशी शाळा गाठावी. गुरुजी ओळखू येतात ते दुचाकीच्या डिकीवरून. तिच्यात एचडीएमआय केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, चिकटपट्टी आणि दोन पेनड्राइव्ह असतात. दोहोंपैकी एका पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असतो; कोणत्या, ते लावल्यावर कळते.

ही मंडळी एका रात्रीत उगवलेली नाहीत. १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. त्या काळी शाळेला मिळालेला दूरदर्शन संच ही डेडस्टॉक रजिस्टरमधली वस्तू असल्यामुळे फुटू नये म्हणून तो बहुधा बंदच ठेवला जाई. पुढे २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली. ती उत्तीर्ण न झाल्यास वेतनवाढ अडकेल असे कळताच पन्नाशीतले हातसुद्धा माउस धरायला शिकले. पण खरी पैदास २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतरची. तालुक्यातालुक्यांत तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. २०१७ मध्ये दीक्षा अ‍ॅप आले आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तेव्हा या वर्गाला दैवत लाभले. ‘गुरुजी, तुमचा नंबर कधी?’ असे पारावर विचारले जाऊ लागले, हा त्याचा दुष्परिणाम.

प्रोजेक्टर लोकवर्गणीतून येतो. त्यासाठी गुरुजी सरपंच, निवृत्त फौजी आणि मुंबईकर मंडळ अशा तीन दारी जातात. देणगी मिळते, देणगीदाराच्या कैलासवासी आईचे नाव मात्र पडद्यापेक्षा ठळक रंगवावे लागते. २६ जानेवारीला फीत कापली जाते, नारळ फुटतो आणि ‘आमची शाळा डिजिटल झाली’ असे जाहीर होते. वीजबिलाचा विषय त्या दिवशी कोणी काढत नाही. तो नंतर निघतो, शाळेच्या सादिल अनुदानात बसत नाही आणि शेवटी गुरुजींच्या खिशात बसतो.

अध्यापनाची रीत ठरलेली आहे. समजा, विषय जलचक्राचा आहे. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला जातो. चौथीतला एक मुलगा तांत्रिक सहायक असतो. पाढ्यांत तो कच्चा असला तरी कोणती केबल किती वाकवली म्हणजे चित्र येते हे त्याच्याइतके गुरुजींनाही ठाऊक नसते. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग जमतात, आणि पडद्यावर पाऊस पडणार एवढ्यात बाहेर खरा पाऊस सुरू होऊन लाइट जाते. मग गुरुजी सतरंज्या काढतात, व्हरांड्यात पागोळ्या दाखवतात आणि फळ्यावर खडूने समुद्र, सूर्य, ढग काढून पाच मिनिटांत सगळे समजावतात. मुलांना ते चोख कळते. या पाच मिनिटांचा फोटो नसल्याने अहवालात मात्र ती येत नाहीत. ‘ई-साहित्याद्वारे जलचक्र’ एवढेच येते.

व्हिडिओनिर्मिती रात्री घरी चालते. मागे हिरवी चादर, पुढे मोबाइल आणि ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो’ म्हणताच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. चॅनेलचे सदस्य बहुतेक शेजारच्या केंद्रातले शिक्षक असतात. त्यांच्या चॅनेलचे सदस्यत्व घेऊन गुरुजी ती उसनवारी फेडतात. २०२० च्या टाळेबंदीत मात्र याच चॅनेलला भाव आला. एरवी ‘काय ते मोबाइलचे खूळ’ म्हणणारे सहकारी लिंक कशी पाठवायची हे विचारायला लागले. गुरुजींनी ती पाठवली. घरातला एकुलता मोबाइल घेऊन बाप कामावर गेलेला असे, त्यामुळे मुलांनी पाठ पाहिला तो रात्री नऊनंतर, डुलक्या काढत.

गुरुजींचा सर्वांत मोठा शत्रू वीज नव्हे, प्रशासन. गुरुजींना संगणक येतो हे एकदा कळले की माहिती भरण्याचे काम सुटत नाही. सरल, यू-डायस, शालार्थ ही सरकारी पोर्टलांची नावे त्यांच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जातात, आणि काही नातेवाइकांप्रमाणेच ती रात्री उशिरा, सर्व्हर मोकळा झाल्यावर येतात. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर ‘अतितातडीचे, आज पाचपर्यंत लिंक भरावी’ हा संदेश चार वाजून चाळीस मिनिटांनी पडतो. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरलवर चढवण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांच्या विरोधानंतर तो स्थगित झाला. तोपर्यंत काही गुरुजींनी सेल्फीचा कोन कसा धरावा याचे मार्गदर्शनपर व्हिडिओही तयार केले असणार, अशी शंका घ्यायला जागा आहे.

शेवटी बदली येते, तीही ऑनलाइन. तालुक्यातल्या निम्म्या शिक्षकांचे पसंतीक्रम गुरुजींनीच भरून दिलेले असतात. त्यांना हव्या त्या शाळा मिळतात आणि गुरुजींना डोंगरापलीकडची. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळते. जुन्या शाळेतून पुढचे सहा महिने लॅपटॉपचा पासवर्ड विचारायला फोन येत राहतात. तो बहुधा गावाचे नाव आणि पुढे १२३ असा असतो.