पाचशेची नोट नको म्हणे!

अहो, ते कपडे राहू द्यात, जरा इकडे कुंपणापाशी या. ऐकलंत का शाळेतल्या मीटिंगचं? नाही? कमालच झाली, अख्ख्या तळेगावात बोभाटा झालाय…

दुसरी-तिसरीच्या मुलांनी दरवर्षी वृद्धाश्रमासाठी निधी गोळा करायचा, हे काही नवीन नाही. आणि तो कसा गोळा होतो, तेही तुम्हाला सांगायला नको. शाळेतून कार्ड यायचं, ओळी आखलेलं. की आई बसली पेन घेऊन! पहिल्या ओळीत आजी, दुसरीत मावशी, तिसरीत शेजारच्या काकू, आणि पैसे सगळे स्वतःच्याच पर्समधले. हसताय काय? तुमच्या कार्डावर माझं नाव होतं, पन्नास रुपये, आणि मला पत्ताच नाही!

तर यंदा नव्या बाईंनी कार्डंच बंद केली. सरळ म्हणाल्या, ‘‘पालकांचे पैसे नकोत. मुलांनी कमावलेले आणा. स्काउटची पोरं ‘खरी कमाई’ करतात ना, तसे.’’

अहो, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींचा चेहरा बघायला हवा होतात! त्या पर्स उघडून तयारच होत्या. ‘‘आमच्याकडून पाच हजार, कॅश,’’ हे मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणून झालेलं. वर विचारतात, ‘‘एटी-जीची रिसीट मिळेल ना?’’ आश्रमाचे हिशेब बघणारे काका तिथेच बसले होते. अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘‘वहिनी, रोख दोन हजारांच्या वर असेल तर एटी-जीत धरत नाहीत. चेक द्या. आणि नव्या रेजीममध्ये रिटर्न भरत असाल, तर चेकचाही उपयोग नाही.’’ पर्सची चेन लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकला…

तर काय सांगत होते? हां, कमाई. मग सुटल्या एकेकीच्या आयडिया. एक म्हणाली, लकी ड्रॉची तिकिटं छापू, पोरं दारोदार विकतील. बाईंनी हातच जोडले. सात वर्षांचं पोर एकटं कुणाच्या दारात जाणार नाही, मोठं माणूस बरोबर हवंच, आणि सोडत-बिडत तर नकोच. दुसरी म्हणाली, पणत्या रंगवू. म्हणजे पणत्या आईनं आणायच्या, रंगवायच्या आईनं, आणि उरल्या की विकत घ्यायच्या त्याही आईनंच! मी काही बोलले नाही हो, नुसतं शेजारणीकडे बघितलं.

तेवढ्यात आपले पेन्शनर अप्पा उठले. नातीबरोबर आले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, ‘‘लहान रकमेला नाकं मुरडू नका. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागितला, टिळकांनी उचलून धरलं, आणि 1908 साली ह्याच गावात पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला.’’ सगळे चिडीचूप. आता अप्पा तो कारखाना लग्नातसुद्धा काढतात, पण या वेळी शोभला, खरं सांगते.

मग ठरलं. शनिवारी रद्दी, घरोघरची छोटी कामं, आणि बाल आनंद मेळाव्यात भेळेचा स्टॉल. स्टॉलवर गॅस नाही, सुरी नाही. कांदा-कोथिंबीर घरून चिरून न्यायची, कालवायची आणि सुटे पैसे परत द्यायचे ते मुलांनीच. आणि विकतचं आणून ‘घरचं’ म्हणायचं नाही. गेल्या मेळाव्यातला ढोकळा आठवतोय ना? एकीनं स्टीलच्या डब्यात घालून आणलेला! तिचीच लेक ओरडून विकत होती, ‘‘घ्या, ताजा आहे, आत्ताच दुकानातून आणलाय!’’ बिचारीला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. बाईंनी मुलांना आधी आश्रमात नेलं, काय हवंय ते विचारायला. इतकी वर्षं कुणाला सुचलं होतं का हे? तिथल्या आजी काय म्हणाल्या असतील? ‘‘केळी नकोत!’’ वाढदिवस आला की जो तो डझनभर केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन हजर, फोटो काढला की पसार. निम्म्या जणींना डायबेटिस, खाणार कोण? त्यांना हवीय बाथरूममध्ये धरायला दांडी. आणि आजोबांना कॅरमची पावडर. माझ्या नातवानं वहीत लिहून आणलंय, ‘दांडी 1, पावडर 2, केळी 0’.

आणि हा नातू, बरं का, कमाईला लागलासुद्धा. काल माझे मटार सोलून दिले आणि पाच रुपये मोजून घेतले. पातेल्यात बघते तर निम्मे गायब!

तर तुम्ही एवढं करा. शनिवारी सकाळी पोरं येतील, सोबत माझी सून असेल. पेपर वेगळे बांधा, पुठ्ठा वेगळा, दोन्हींचा भाव वेगळा असतो आणि वजन पोरंच मांडून घेणार आहेत. पाचशेची नोट अजिबात काढू नका, सुटे ठेवा आणि काहीतरी काम सांगा. फक्त मटार दिलेत, तर समोर बसून राहा.