पाठकोरी शाश्वतता

शाश्वत विकासावर संशोधन करू पाहणाऱ्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांना निधी देणाऱ्या कार्यालयांच्या सूचनापत्रकात, विषयाची निकड सांगणारा पहिला परिच्छेद आणि कोणताही अर्ज कारण न देता फेटाळण्याचा अधिकार राखून ठेवणारा शेवटचा परिच्छेद यांच्या दरम्यान एक कलम हमखास असते. अर्ज संकेतस्थळावर भरून झाल्यावर त्याच्या पाच प्रती कागदाच्या एकाच बाजूस छापाव्यात, त्यांना स्पायरल बांधणी करावी आणि वर पारदर्शक आवरण लावून त्या टपालाने पाठवाव्यात, असे हे कलम सांगते. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे, ही शाश्वत विकासाची 1987 पासून रूढ असलेली व्याख्या पाहता, पुढच्या पिढ्यांना लिहिण्यासाठी प्रत्येक कागदाची एक बाजू कोरी ठेवणारे हे कलम तिच्यात चोख बसते.

ए-फोर आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्शाइतके असते. म्हणून 80 जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा, एक कागद 5 ग्रॅमचा होतो. सहपत्रांसह 120 पानांचा अर्ज पाच प्रतींत 600 कागद आणि 3 किलो वजन गाठतो. दोन्ही बाजूंना छापल्यास हे काम दीड किलोत भागले असते. उरलेला दीड किलो ही निव्वळ धोरणात्मक भर होय.

या कोऱ्या बाजूचे प्रयोजन काय, याविषयी जाणकारांत तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार ती परीक्षकांच्या शेऱ्यांसाठी राखलेली असते; मात्र शेरे छापील गुणपत्रकावर द्यायचे असतात, आणि ते गुणपत्रकही पाठकोरेच असते, त्यामुळे हे मत टिकत नाही. दुसरे मत ऐतिहासिक आहे: टंकलेखन यंत्राच्या काळात अक्षरांचे ठसे मागच्या बाजूला उमटत, म्हणून एका बाजूची प्रथा पडली, यंत्रे भंगारात गेली आणि प्रथा तेवढी सेवेत कायम राहिली. तिसरे मत अर्थशास्त्रीय असून तेच सर्वांत भक्कम आहे. जतन करण्याची मुदत संपल्यावर हे अर्ज रद्दीत जातात, रद्दीतून कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर पोहोचतात, आणि तिथे गिऱ्हाइकाच्या हाती संशोधनाची छापील बाजू बाहेर व कोरी बाजू वड्याकडे अशा रीतीने येतात. अर्जातील ‘संशोधनाचा समाजास होणारा थेट लाभ’ हा रकाना विद्यार्थी तीनशे शब्दांत भरतो. तो लाभ प्रत्यक्षात एवढाच असतो, आणि तोही अर्ज नामंजूर झाला तरी मिळतोच, ही या योजनेची खरी सर्वसमावेशकता म्हणावी लागेल.

पारदर्शक आवरणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुळा-मुठा नदीच्या गाळातील सूक्ष्मप्लास्टिक, म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण, मोजणाऱ्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेतल्यास ते स्पष्ट होते. गाळ दाट क्षारद्रावणात ढवळला की माती तळाशी बसते आणि हलके कण वर तरंगतात. ते गाळून घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे आणि अवरक्त किरणांच्या साह्याने त्यांचा प्रकार ओळखायचा, अशी ही पद्धत आहे. हे सारे चालू असताना बाहेरचा एकही कण नमुन्यात मिसळू नये म्हणून ती काचेची भांडी वापरते, त्यांवर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी झाकते, अंगात नायलॉन-पॉलिस्टरऐवजी सुती कोट घालते आणि कोऱ्या नमुन्याची, म्हणजे गाळ न घातलेल्या नुसत्या द्रावणाचीही, तपासणी करते. त्यानंतर या काटेकोरपणाचा अहवाल ती प्लास्टिकच्या सर्पिलात ओवते, त्याला पुढून प्लास्टिकचे आवरण लावते, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि निधी मागण्यासाठी रवाना करते. आवरण नसेल तर अर्ज ‘अपूर्ण’ ठरतो. देशात एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, त्या यादीत स्ट्रॉ आहेत, चमचे आहेत, कान कोरायच्या काड्यासुद्धा आहेत. अर्जाचे आवरण त्यातून निसटले, कारण बंदीचा प्रस्तावही बहुधा तशाच आवरणात फिरला असावा.

इथवर हसून घेता येते. त्यापुढे येतो तो पैसा, आणि तो वेळेवर येत नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली, पण ‘दरमहा’ हा शब्द आदेशापुरता आहे. अनेकांच्या खात्यात पाच-सहा महिने काही पडत नाही आणि खोलीचा मालक मात्र आदेशाची प्रत भाडे म्हणून स्वीकारत नाही. केंद्रीय विद्यापीठात नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या पीएच.डी. विद्यार्थ्याला महिना 8,000 रुपये मिळतात, दहा वर्षांपूर्वीही तेवढेच मिळत होते, आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रसायने विकत घेणाऱ्या मुलामुलींना बहुधा घरचेच पैसे मिळतात. संशोधन संस्थांना उपकरणांवर असलेली 5 टक्के कराची सवलत 18 जुलै 2022 रोजी गेली व बहुतेक उपकरणांवर 18 टक्के लागू झाले. पैसा येण्याची वेळही कामाशी जुळत नाही: नदीचा गाळ पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि नंतर असा तीनदा गोळा करावा लागतो. मंजूर रक्कम मार्चच्या मध्यावर येते, 31 मार्चपूर्वी ती खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामीच लागल्याचा दाखला, द्यावा लागतो, आणि न दिल्यास पुढचा हप्ता थांबतो. पंधरा दिवसांत नदीला पूर आणण्याची सोय कोणत्याही प्रपत्रात नाही. ज्या देशाचा संशोधनावरील खर्च 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता, त्या देशात त्यातला न खर्चलेला पैसाही वर्षअखेरीस परत मागवला जातो, याला काटकसर म्हणणे हा निलाजरेपणा आहे.

अधिछात्रवृत्ती दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात जमा करण्यासाठी नवा पैसा लागत नाही. तो मंजूर झालेलाच असतो आणि सहीसाठी कुठल्या तरी टेबलावर थांबलेला असतो. ज्यांच्या टेबलावर तो थांबला आहे, त्यांनी आपला पगार ज्या तारखेला होतो त्याच तारखेला ती सही करावी.