पाहणी बाहेरून केली!

अभिनंदन, मंडळी! वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीचे सगळेच्या सगळे सर्व्हर एका तिमाहीत निर्दोष झाले आहेत. मागच्या रिपोर्टात लाल-केशरी शिमगा होता. या वेळी गोल चकतीभर हिरवळ. क्रिटिकल शून्य, हाय शून्य, मीडियम दोन-चार, तेही किरकोळ. कॉन्फरन्स रूममध्ये केक कापला गेला. साहेब ‘टीमवर्क’ म्हणाले. ऑडिटवाल्यांना निघताना सुकेळीचा पुडा दिला गेला. या तीन महिन्यांत कोणी एकही पॅच टाकला नव्हता, हे मात्र त्या खोलीत कोणालाच खटकलं नाही.

हिरवळीचं रहस्य रिपोर्टाच्या शेपटाकडे होतं. तिथे निळ्या रंगात एक ओळ होती : लॉगिन झालं नाही, आतली तपासणी केलेली नाही.

म्हणजे काय, तर स्कॅनर आत गेलाच नाही. त्याने सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं, आत कोणकोणती पॅकेजं कुठल्या आवृत्तीची बसली आहेत त्याची यादी काढायची, ती ज्ञात दोषांशी ताडून पाहायची, असा ठराव होता. ते जमलं नाही. मग त्याने फाटकाबाहेर उभं राहून कुठले पोर्ट उघडे आहेत तेवढं मोजलं, पाटी वाचली आणि तो निघून गेला. मेमरीतली भोकं, जुनी लायब्ररी, तीन वर्षं न हललेला कर्नल, सगळं आत जागच्या जागी सुखरूप.

आता त्या निळ्या ओळीचा दर्जा पाहा. स्कॅनर प्रत्येक गोष्टीला गंभीरतेचा शेरा देतो. जुना सायफर दिसला, मीडियम. प्रमाणपत्र स्वतःच सही केलेलं, मीडियम. आणि ‘मला आत घेतलं नाही, मी काहीही पाहिलेलं नाही’ याला शेरा काय? इन्फो! माहितीसाठी! सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम असावी याचा अंदाज जिथे लिहितात, त्याच रांगेत. उद्या डॉक्टरने ‘पेशंट आलाच नाही’ हे ‘उंची : मध्यम’च्या खालच्या ओळीत लिहावं, तशातली गत. त्यात साहेबांकडे जाणाऱ्या एक्सेलला आधीच फिल्टर लावलेला असतो. इन्फो वगळा, साहेबांना वेळ नसतो. रिपोर्टातलं एकमेव महत्त्वाचं वाक्य त्या फिल्टरमध्ये अडकतं आणि पुढे जातं काय, तर चकती. चकती पॉवरपॉइंटमध्ये जाते, पॉवरपॉइंट बोर्डाकडे जातं, बोर्डाच्या इतिवृत्तात ‘समाधान व्यक्त केले’ असं उमटतं. मी म्हणतो, ती निळी ओळ पहिल्या पानावर, चकतीच्या जागी, लाल ठसठशीत अक्षरात छापायला काय जातं? पण मग केक कोण कापणार?

स्कॅनरला आत का घेतलं नाही, याचा उलगडा आमच्या सोसायटीतल्या एका पोराने केला. तेच सर्व्हर तो सांभाळतो. “काका, दारं मीच लावली,” तो म्हणाला. “वरून मेल आला होता, रिमोट ॲक्सेस टाइट करा.”

त्याने केलं. रूटचं थेट लॉगिन बंद. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की. परवानगीच्या यादीत ठरावीक नावं. सहा चुकीचे प्रयत्न झाले की एसएसएच कनेक्शन तोडतंच. त्यावर आणखी एक पहारेकरी बसवला, तो वारंवार चुकणाऱ्याचा आयपीच बंद करतो. शिवाय साहेबांची खास सूचना म्हणून पोर्ट 22 वरून 2222 वर. साहेबांचा सिद्धान्त असा की, चोर 22 वर येतो, टकटक करतो, कोणी नाही बघून विरार लोकल पकडून परत जातो.

चोराचं माहीत नाही, स्कॅनर मात्र खरंच परत गेला. त्याला कोणी 2222 सांगितलंच नव्हतं. ते सांगितल्यावर कळलं, त्याच्याकडे पासवर्ड आहे, पण ‘की’ नाही. की दिली तर ती चालेना, कारण ऑडिटवाल्यांच्या स्कॅनरची आवृत्ती बाबा आदमच्या काळातली. तो आरएसए कीवर जुन्या एसएचए-1 पद्धतीची सही करतो आणि ओपनएसएसएचने 8.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2021च्या सप्टेंबरपासून, ती सही आपणहून स्वीकारणं बंद केलंय. की तीच, दार तेच, सहीची पद्धत तेवढी बाद. ते निस्तरलं तर स्कॅनरच्या खात्याचं नाव परवानगीच्या यादीत नाही. नाव घातलं तोवर आधीच्या टकटकीपायी पहारेकऱ्याने त्याचा आयपी बंद करून टाकलेला. तोही सोडवला, लॉगिन झालं, तर सुडो पासवर्ड मागू लागलं आणि स्कॅनर मख्खासारखा उभा. यातलं बहुतेक सर्व्हरच्या लॉगमध्ये मिनिट-सेकंदासह लिहिलेलं होतं. लॉग उघडून शेवटच्या पन्नास ओळी वाचल्या असत्या तर चहा निवायच्या आत उलगडा झाला असता. त्याऐवजी तीन मीटिंगा झाल्या. पहिलीत ‘नेटवर्क इश्यू’ असं ठरलं. दुसरीत नेटवर्कवाला सुट्टीवर होता. तिसरीत ऑडिटवाल्यांनी जो तोडगा सुचवला, तो ऐकून पोरगा हातातला पाव खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला.

तोडगा असा : दोन दिवस रूट लॉगिन चालू करा, पासवर्ड लॉगिन चालू करा, फायरवॉल जरा सैल सोडा आणि सगळ्या सर्व्हरचे रूट पासवर्ड एका एक्सेलमध्ये मेल करा. सुरक्षेची तपासणी आहे ना, मग सुरक्षा आड यायला नको! फाइलचं नाव ‘पासवर्ड फायनल’, पाठोपाठ ‘पासवर्ड फायनल 2’, कारण पहिलीत एक रकाना चुकला होता. आणि मेल जड झाला म्हणून तिसरी व्हॉट्सॲपवर. मग स्कॅन चालणार, तो आत जाणार आणि पहिलाच शेरा मारणार : रूटचं थेट लॉगिन चालू आहे, पासवर्ड लॉगिन चालू आहे, गंभीर दोष. की पुन्हा वरून मेल : रिमोट ॲक्सेस टाइट करा. की पुन्हा स्कॅनर बाहेर. की पुन्हा हिरवी चकती, पुन्हा केक, पुन्हा सुकेळी. या रहाटगाडग्याला कागदोपत्री ‘निरंतर सुधारणा’ म्हणतात आणि त्याची वर्षाची फी वेगळी. बरं, ‘दोन दिवस’ उघडलेलं दार तिसऱ्या दिवशी बंद करायचं कोणी, हे कुठल्याच इतिवृत्तात नसतं. तिसऱ्या दिवशी ऑडिट संपलेलं असतं, सगळे दमलेले असतात, आणि रूटचं दार पुढच्या ऑडिटपर्यंत सताड उघडं. जगभरचे बॉट दिवसरात्र हीच खिडकी शोधत फिरतात. त्यांना पॉवरपॉइंट लागत नाही.

हसू येतं खरं, पण मला ते फार वेळ येत नाही. ही ‘पाहणी बाहेरून केली’ जमात मी फक्त सर्व्हरपाशी पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट असंच झालं. उपविधी सांगतात, 15 ते 30 वर्षांची इमारत असेल तर 5 वर्षांतून एकदा, त्याहून जुनी तर 3 वर्षांतून एकदा. आमच्याकडे इंजिनिअर आले त्या दिवशी गच्चीची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आणि सेक्रेटरी गावी. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या बाथरूममधून पाणी झिरपतं त्या फ्लॅटला कुलूप. पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी मान वर केली, मोबाइलवर फोटो काढले. त्यांच्या डोक्यावरच्या छज्ज्याचं प्लास्टर गेलेलं, आतली सळई गंजून फुगलेली आणि साल निघावी तसे तिचे पापुद्रे सुटलेले. एकाही खांबाला हातोडी लागली नाही. रिपोर्टात लिहिलं, ‘दृश्य पाहणीनुसार इमारत वापरण्यायोग्य.’ तो कागद नोटीसबोर्डावर टँकरच्या वर्गणीशेजारी डकवला आहे, त्यावर शिक्का आहे आणि त्या छज्ज्याखालून आम्ही रोज मुलांना शाळेत सोडायला जातो. 2025च्या ऑगस्टमध्ये, गणपती बसायच्या आदल्या मध्यरात्री, इथे विरारला इमारतीचा भाग कोसळून 17 माणसं गेली. त्यानंतर तरी कोणी गच्चीची किल्ली मागितली? नाही! वर चढायचं नाही, कुलूप उघडायचं नाही, सळईला बोट लावायचं नाही, फी मात्र पूर्ण घ्यायची, आणि ‘आत गेलो नाही’ हे लिहायचंच झालं तर अशा जागी लिहायचं की वाचणाऱ्याचा चष्मा हरेल. न पाहिलेल्या गोष्टीला ‘ठीक’ म्हणणाऱ्याची सही एकदा तरी त्याला त्याच छज्ज्याखाली झोपवून घेतली पाहिजे.

असो. रक्तदाब.

पोराने शेवटी कोणाला न विचारता सरळ काम केलं. स्कॅनरसाठी वेगळं खातं काढलं. नव्या पद्धतीची की दिली, ती फक्त स्कॅनरच्या आयपीवरूनच चालेल अशी बांधली. सुडोमध्ये तपासणीला लागतात तेवढ्याच आज्ञा, बाकी काही नाही. पहारेकऱ्याला सांगितलं, हा आपला माणूस. ऑडिटवाल्यांच्या मागे लागून स्कॅनर अद्ययावत करवला. रूट बंदच, पासवर्ड बंदच, सैल काहीच सोडलं नाही. स्कॅन पहिल्यांदाच आत गेला, नीट फिरला, आणि रिपोर्ट आला तो लालभडक. पानामागून पान.

साहेबांनी बोलावून घेतलं. “मागच्या वेळी शून्य होते. तीन महिन्यांत एवढे दोष तू कुठून आणलेस?” पोराने ती निळी ओळ दाखवली. साहेब म्हणाले, “ते इन्फो आहे.”

लेखी खुलासा द्यायला त्याला तीन दिवसांची मुदत आहे. सर्व्हर अपडेट करायची तारीख अजून ठरायची आहे.